रेडिएटरमधली हळद

माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, आणि त्यांची मोटार यांच्या वयात चारच वर्षांचं अंतर होतं. मोटार धाकटी. उघड्या टपाची, गर्द हिरवी, समोर पितळेची चौकट आणि त्या चौकटीत रेडिएटरची जाळी. कोल्हापूरहून लग्न होऊन मी म्हैसूरला आले, तेव्हा नजरबादच्या त्या घरात मला आधी गाडीला नमस्कार करायला लावला आणि मग देवांना. खोटं कशाला सांगू, तळपायाची आग मस्तकाला गेली होती. माझं लग्न माणसाशी लागलंय की मोटारीशी, असं मी ह्यांना तिथल्या तिथे विचारलं. हे म्हणाले, "हळू बोल. अप्पा ऐकतील."

म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. आमची माणसं तिथे कित्येक पिढ्यांची. घरात बोलायचे मराठीच, पण वाक्य मराठीत निघायचं आणि कन्नडात जाऊन बसायचं. "सूनबाई, थोडं बिसीनीर आण," असं मामंजी म्हणाले की मी नुसती बघत उभी. मग स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडायच्या, "अगं, गरम पाणी!" भाषेचं एक वेळ जमवून घेतलं. मामंजींच्या रागाचं जमवायला मात्र फार वेळ लागला.

सरकारी कचेरीतून पेन्शनीत निघालेला माणूस. शिस्तीचा, स्वच्छ, कुणाचा पैसा न खाल्लेला. पण राग नाकाच्या शेंड्यावर. रागावले की आधी दोन वाक्यं अशी बोलायचे की समोरच्याची साल निघावी, आणि मग जेवणावर बहिष्कार. ते जेवले नाहीत की सासूबाई जेवायच्या नाहीत, सासूबाई उपाशी म्हटल्यावर सुनेनं कसं जेवायचं? गाडीवर ओरखडा उठला म्हणून मी एकदा अख्खा दिवस पाण्यावर काढलाय. ओरखडा मांजराचा होता, हे सांगून ठेवते.

त्या गाडीला हात लावायची परवानगी जगात दोघांनाच होती. एक स्वतः मामंजी आणि दुसरे मिस्त्री.

मिस्त्रीही म्हैसूरचेच मराठी. घर शिंप्यांचं. वडील, भाऊ, पुतणे सगळे शिलाई मशीनवर. हे एकटेच कात्री सोडून रेडिएटरकडे वळलेले. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा कडक उपास, आणि खिशात कायम शिंप्याचा चपटा खडू. रेडिएटर गाडीवरून उतरवायचा, त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, पाण्याच्या हौदात बुडवायचा आणि सायकलच्या पंपानं आत हवा मारायची. बुडबुडे निघाले तिथे पुसून खडूची खूण, आणि खुणेवर कथील वितळवून डाग. डाग इतका सफाईदार की वरून बोट फिरवलं तरी लागू नये. मेटगळ्ळीला कारखान्यांच्या भिंतींमागे त्यांची पत्र्याची शेड होती. शहरात अशा जुन्या गाड्या बाळगणारे दहा-बारा हौशी लोक होते, त्या सगळ्यांचे रेडिएटर तिथे जायचे. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्यांचा जीवच होत नसे.

एकदा मी कॉफी घेऊन अंगणात गेले, तर मिस्त्री इंजिन चालवून, बंद करून, जाळीवरून तळहात फिरवत होते. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, "गार लागतंय का बघतो, अम्मा. जिथं गार लागेल तिथली नळी तुंबली. गरम पाणी तिथवर पोचतच नाही." पोराला ताप आला की आई कपाळावर हात ठेवते ना, तसा तो हात. मग त्यांनी मला समजावलं, "या गाडीला पाण्याचा पंपच नाही. पाण्याला कोण ढकलत नाही. तापलं की आपलं आपण वर चढतं, जाळीत गार झालं की जड होतं आणि आपलं आपण खाली उतरतं. वाट तेवढी मोकळी पाहिजे. वाट मोकळी असली, तर ही बेट्टा काय, हिमालय चढेल." बेट्टा म्हणजे चामुंडीची टेकडी. तिच्यावर न उकळता चढणं हीच तिथल्या जुन्या गाड्यांची परीक्षा.

मी थक्क होऊन ऐकत होते. इतकं समजावून सांगणारा, आणि तेही घरातल्या बाईला, असा कारागीर मी त्याआधी एकच पाहिला होता. माझे वडील. ते ट्रक चालवायचे, आणि हे मी मिस्त्रींना तिथल्या तिथे सांगूनही टाकलं.

आणि तिथेच सगळा घोळ झाला.

वडिलांचा ट्रक कोल्हापूर-रत्नागिरी करायचा. आंबा घाटात रेडिएटर गळायला लागला की ते पाण्यात चमचाभर हळद टाकायचे. हळद पाण्याबरोबर फिरते, बारीक भोकाशी जाऊन बसते, फुगते आणि भोक बुजवते. लहानपणी ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की मला ती पाढ्यासारखी पाठ होती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पौषात, एका रविवारी सकाळी अंगण झाडताना गाडीखाली तांबूस पाण्याचे थेंब दिसले. तासाभरानं मामंजी आणि सासूबाई श्रीरंगपट्टणला नातेवाइकांकडे निघायचे होते. मिस्त्रींनी दसऱ्याच्या आधी रेडिएटर पूर्ण उघडून, एकेक नळी साफ करून बसवला होता. आता थेंब दाखवले, तर आधी मिस्त्रींची साल निघणार, मग जाणं रद्द, मग उपास. मी इकडेतिकडे बघितलं. आत जाऊन डब्यातली हळद आणली, रेडिएटरचं टोपण उघडलं आणि एक चमचा आत.

गाडी गेली, संध्याकाळी आली. एक थेंब नाही! अशी फुगले होते म्हणून सांगू. या घरातले शहाणे पुरुष एकीकडे आणि ट्रकवाल्याची लेक एकीकडे. माहेरी पत्र लिहून कळवायचंसुद्धा मनात आलं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

मग काय, हात सोकावला. थेंब दिसला की चमचा. पुढे तर थेंब नसला तरी आठवड्याला चमचा, आपला सावधगिरीचा. हळदीच्या डब्याचा तळ लवकर दिसायला लागला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या कोल्हापूरच्या आमटीला हळद फार लागते हो." मी मान डोलावली.

उन्हाळा तापायच्या आधी एका रविवारी हे सगळे हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन बेट्ट्यावर जात. आमची गाडी नेहमी पहिली, कारण ती उकळलेली कुणी पाहिलीच नव्हती. सगळ्यात शेवटच्या गाडीत मिस्त्री, हत्यारांची पिशवी आणि पाण्याचे डबे घेऊन. त्या वर्षी मला आणि सासूबाईंना मागच्या बाकावर बसायचा मान मिळाला. मामंजी कोट-टोपीत. रेडिएटरच्या टोपणावर एक गोल काचेचं थर्मामीटर होतं, त्यातली लाल रेघ बसल्या जागेवरून दिसायची. मामंजी सगळ्यांना ती रेघ अभिमानानं दाखवत. बघा, हलत नाही.

त्या दिवशी ती चढ लागल्याबरोबर हलली.

"अय्यो, काय सेके," असं म्हणत सासूबाईंनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. पण तो उकाडा उन्हाचा नव्हता, इंजिनाचा होता. अर्ध्या चढावर, खाली सगळं शहर दिसायला लागतं त्या वळणावर, पुढून शूं करून आवाज आला. वाफेचा लोट उठला, टोपणातून उकळतं पाणी उसळलं, आणि गाडी दोन आचके देऊन थांबली. मागच्या सगळ्या गाड्या चढावर अडकल्या. दोन गाड्या उभ्या राहून राहून उकळल्या. आम्हा बायकांना झाडाखाली उभं केलं. लोक उतरून भोवती जमले. त्यांत एक कॉफीच्या मळ्याचे मालक होते, चार जुन्या गाड्या बाळगणारे. त्यांच्या शब्दावर बाकीचे चालत. ते मोठ्यानं हसले. त्या हसण्यानं मामंजींचं उरलंसुरलं भान गेलं.

मिस्त्री धावत वर आले होते. धाप लागलेली. मामंजी त्यांच्यावर सगळ्यांदेखत कडाडले, "पाच महिन्यांपूर्वी साफ केलास ना? हे साफ? शिंप्याचा मुलगा तू, ठिगळंच लावणार! जा, कापडाला लाव!"

मी आजवर पुष्कळ भांडणं पाहिली, पण इतकं टाकून बोललेलं कमीच. साठीच्या माणसाला, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर.

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. वाफ निवेपर्यंत थांबले. मग जाळीवरून तळहात फिरवला. तो हात जाळीच्या अर्ध्या भागावर थबकला, पुन्हा फिरला, पुन्हा थबकला. त्यांनी खाली वाकून रेडिएटरचा बारका नळ उघडला. धार नाहीच, घट्टसं काहीतरी ठिबकलं. ते त्यांनी फडक्यावर घेतलं. हुंगलं.

आणि वर बघितलं ते थेट झाडाखाली माझ्याकडे.

चोराच्या मनात चांदणं. त्यांनी फडक्याची घडी घातली, खिशात टाकली आणि म्हणाले, "साहेब, माझ्याच हातून राहिलं. नळ्या नीट साफ झाल्या नव्हत्या."

मी तोंड उघडलं नाही. मी, जी लग्नाच्या पहिल्या दिवशी नवऱ्याला सुनावत होते, ती पुतळ्यासारखी उभी. ह्याची लाज मला आजही वाटते, आणि वाटायलाच हवी.

गाडी थंड करून, उतारावरून कशीबशी घरी आणली. मामंजींनी तिच्यावर चादर टाकली ती टाकलीच. दुसऱ्या कुणाला दाखवली नाही, स्वतः हात लावला नाही. मिस्त्रींचं नाव घरात घ्यायचं नाही, असा हुकूम सुटला. बाहेर तर त्याहून वाईट. मळ्याच्या मालकांनी आपले रेडिएटर बंगळूरला पाठवायला सुरुवात केली, आणि एकानं पाठवला म्हणून दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. ह्यांच्याकडून मला हे कळायचं. प्रत्येक वेळी मी ठरवायची, आज बोलायचंच, आणि मामंजींची पावलं वाजली की स्वयंपाकघरात पळायची.

शेवटी श्रावणात एक दिवस, सासूबाई देवळात गेल्या असताना, मी बस पकडून मेटगळ्ळी गाठली. शेडमध्ये मिस्त्री बसले होते, समोर दुधाच्या गळक्या किटल्या. पितळी चौकटींचे रेडिएटर ठेवायच्या फळीवर काही नव्हतं. मला पाहून ते उठले, स्टूल पुसून दिलं.

मी म्हटलं, "तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. मग स्वतःवर का घेतलंत?"

त्यांनी किटलीवरच्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "साहेब चिडले की मी आपल्या घरी जातो, अम्मा. तुम्ही कुठं जाणार?"

मला हुंदका आवरेना. ते घाबरले, पाणी दिलं, म्हणाले, "होगली बिडी, जाऊ द्या. तुमच्या बाबांची युक्ती खरी आहे. घाट उतरेपर्यंत हळद चालते. पण घाट उतरला की सगळं पाणी काढून आतून धुवायचं असतं. तेवढं सांगायचं राहिलं वाटतं त्यांचं." राहिलं कसलं! वडिलांनी सांगितलंही असेल. मलाच गोष्टीतला चमत्कार तेवढा हवा होता, नंतरची धुणंभांडी नको होती.

निघताना समजलं की दिवाळीनंतर ते शेड सोडणार आहेत. जवळच्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणदाराचं काम मिळत होतं. ज्या हाताला जाळीआडची तुंबलेली नळी कळते, त्या हातानं आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायचा. मी बसमध्ये बसले ती मनाशी गाठ मारूनच. दिवाळीच्या आत बोलायचं, मग घरातून काढलं तरी चालेल.

आमच्याकडे आयुधपूजा मोठी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, विळीपासून सायकलपर्यंत, धुऊन पुजायची. गाडीची पूजा तर सगळ्यांत थाटाची, आणि दरवर्षी मिस्त्री आपली हत्यारं घेऊन येत. त्यांच्या हत्यारांना आधी कुंकू, मग गाडीला. त्या वर्षी मामंजींनी चादर काढली, कारण वाहन बिनपूजेचं ठेवायचं नसतं. स्वतः गाडी धुतली. हार घातला. पुढच्या चाकाशी, हत्यारं मांडायचे तिथे, पाट रिकामा होता. सवयीनं सासूबाईंनी तो मांडला होता आणि उचलायचं कुणाला धैर्य झालं नाही.

मामंजी म्हणाले, "सूनबाई, हळद दे."

मी वाटी पुढे केली. आणि वाटी हातात तशीच ठेवून म्हणाले, "मामंजी, मिस्त्रींचं काम चांगलं होतं. रेडिएटरमध्ये हळद मी टाकत होते."

ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"कुठं टाकत होतीस?"

"रेडिएटरमध्ये. टोपण उघडून."

"किती?"

"चमचा. दर आठवड्याला. पौषापासून बेट्ट्यावर गेलो तोपर्यंत."

"कशाला?"

"खाली थेंब पडत होते. तुम्हाला सांगायला..."

"सांगायला काय?"

मामंजींनी सासूबाईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. मुलाकडे बघितलं. तो पाटाकडे बघत होता. मग त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, गाडीला स्वतः हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि आत गेले. मला वाटलं आता उपास, आता माझी ट्रंक अंगणात. पण ते पानावर येऊन बसले आणि मुकाट्यानं जेवले.

दसरा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी कोट-टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, "कळशी भरून घे. मेटगळ्ळीला जायचंय."

त्या अवस्थेतली गाडी! मी म्हटलं, बसनं जाऊ. "सुम्ने बस," एवढंच म्हणाले. मी गप बसले. नजरबादपासून मेटगळ्ळीपर्यंत ती आगगाडीच्या इंजिनासारखी वाफा सोडत गेली. चार ठिकाणी थांबलो, ती निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, कळशी दोनदा लोकांच्या घरी जाऊन भरून आणली. एक सायकलवाला ओरडला, "काफी आयता, सार?" कॉफी झाली का, साहेब? मला वाटलं, संपलं, आता याची साल निघणार. मामंजींनी त्याला हात जोडले.

शेडच्या दारात मिस्त्री उभेच होते. वाफेचा आवाज त्यांना लांबूनच ओळखता आला असणार. मामंजी उतरले, टोपी काढली. "चूक आमच्या घरची होती," ते म्हणाले. "तुमच्या कामात खोट नव्हती." 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं.

मिस्त्री म्हणाले, "ते मला ठाऊक होतं, साहेब. मला सांगून काय उपयोग?"

बोलले अगदी हळू, पण लागायचं तिथे लागलं. मामंजींनी मान हलवली. फाटकाच्या नोकरीचं मी त्यांना वाटेत सांगितलं होतं. मग विचारलं, "फाटकावरची नोकरी आठ दिवस थांबवता येईल?"

त्यांनी रेडिएटर तिथल्या तिथे उतरवला, वरची टाकी उघडून आम्हाला दाखवली. आत पिवळा गाळ, पिठल्यासारखा घट्ट. पी हळद आणि हो गोरी म्हणतात, मी गाडीला दोन महिने हळद पाजली होती. आणि मूळ गळती? रबरी नळीवरची पट्टी सैल झालेली. पाव फेरा पिळली असती तर काम झालं असतं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मिस्त्री मात्र हसायला लागले, आणि नवल म्हणजे मामंजीही.

पाच दिवस लागले. पितळेची लांब चपटी पट्टी घेऊन मिस्त्रींनी एकेका नळीतून हळद काढली. घाई नाही, चिडचिड नाही. मी रोज डबा घेऊन जायची आणि ते काम बघत बसायची. एवढं सोसून त्याच गाडीवर इतक्या मायेनं हात फिरवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सहाव्या दिवशी मामंजींनी मिस्त्रींना पुढे आपल्या शेजारी बसवलं, मला मागे, आणि बेट्ट्यावर हजर असलेल्या एकूणएक माणसाचं घर घेतलं. प्रत्येक दारात टोपी काढून तेच वाक्य, "बेट्ट्यावर मी जे बोललो ते खोटं होतं. हळद आमच्या घरात पडली. यांच्या कामात खोट नव्हती." लोक अवघडून ऐकत. आत बोलावून कॉफी देत. काम मात्र कुणी देईना. सगळ्यांचं एकच, मळ्याचे मालक काय म्हणतात बघू. दहा घरं झाली, आणि मिस्त्रींच्या पिशवीत एकाही गाडीची किल्ली पडली नव्हती.

मळ्याच्या मालकांचं घर बोगादीला. तेव्हा तिथे बरीचशी शेतंच होती. ते व्हरांड्यात बसले होते. मामंजींचं ऐकून घेतलं आणि कन्नडात म्हणाले, "तुम्ही भले माणूस आहात. म्हाताऱ्याच्या पोटावर पाय आला म्हणून त्याची चूक घरच्यांवर घेताय. नाहीतर मला एवढं सांगा, हळद खरंच घरात पडली होती, तर घरातलं कुणी त्याच दिवशी बोललं का नाही?"

मिस्त्री लगबगीनं पुढे झाले, "सार, अम्मांना काही माहीत नव्हतं, मीच..."

मामंजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"माझ्या घरातले सगळे मला भितात," ते म्हणाले. "बायको, मुलगा, ही सून. गाडीखाली चार थेंब पडले. ते मला येऊन सांगण्यापेक्षा हिला चोरून हळद टाकणं सोपं वाटलं. हा माणूस बाहेरचा. त्याला हळद हुंगल्याबरोबर ते कळलं, आणि हिला माझ्यापासून वाचवायला त्यानं स्वतःचं नाव घालवलं. मी त्याच घरात राहतो. मला आत्ता कळलं."

मळ्याचे मालक उठून आत गेले आणि चारही गाड्यांच्या किल्ल्या आणून मिस्त्रींच्या हातात ठेवल्या. मिस्त्रींनी त्या घेतल्या, पण ते बघत होते मामंजींकडे. मामंजी टोपी धरून तसेच उभे होते, घालायची विसरून. सासऱ्याला सुनेनं हात लावायचा नसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी पुढे झाले आणि त्यांचा हात धरला.